इतिहासाचा मास्तर आणि माझी खोली

तो माणूस भला होता, असं मी लिहिणार नाही. भले मास्तर शाळेत पुष्कळ होऊन गेले. दिवाळीला साडी द्यायचे, गुडघे कसे आहेत विचारायचे, आणि दुसरीकडे नोकरी लागली की मला विसरायचे. मीही त्यांना विसरले. ह्या माणसाने मला कधी साडी दिली नाही. ह्याच्यापायी माझं राहतं घर जायची वेळ आली. तरी सगळ्या मास्तरांमधून आठवतो तो हाच.

मी हिंदी मुलखातल्या एका शहरात, राइट टाउनमधल्या एका शाळेत आया होते. झाडू मारायचा, घंटा वाजवायची, कोणाचं नाक फुटलं तर त्याला नळाखाली धरायचं. त्याआधी माझा नवरा तिथे चौकीदार होता. कंपाउंडची भिंत बांधून झाल्यावर ज्या विटा उरल्या, त्या त्याने स्वतः डोक्यावर वाहिल्या आणि मागच्या कोपऱ्यात कडुलिंबाखाली एक खोली उभी केली. तेव्हाचे मोठे सर म्हणाले, "बना लो भैया, चौकीदार पास में रहेगा तो अच्छा ही है." एवढंच बोलणं झालं. कागद नाही, शिक्का नाही. पुढे मोठे सर वारले, मग नवरा वारला, नवऱ्याच्या जागी मी लागले. माझा पोरगा त्या खोलीत जन्मला, तिथेच मोठा झाला आणि कामाला रायपूरला गेला. मी तिथेच राहिले.

मास्तर आला तो आठवीला इतिहास शिकवायला. कॉन्ट्रॅक्टवर होता, म्हणजे दर वर्षी मार्चमध्ये त्याचा जीव टांगलेला. मूळचा भंडाऱ्याकडचा, म्हणून माझ्याशी मराठीत बोले. बाकी शाळेत सगळं हिंदी. लांब मान, कानावर खडू. खडू कानावर आहे हे विसरून तो तसाच बाजारात भाजी घ्यायला जाई. स्कूटर चालवायचा, तरी पँटच्या एका पायाला कपडे वाळवायचा चिमटा लावलेला असे. मी एकदा विचारलं, "मास्तर, चिमटा काहून? सायकल तर विकली तुम्ही."

"सायकल विकली बाई, सवय नाही विकली," म्हणे.

नेपियर टाउन, राइट टाउन ही नावं तो तोंडाने घेत नसे. गोऱ्या साहेबांची नावं म्हणून. स्कूटर बिघडली की पंचाईत व्हायची. ऑटोवाल्याला म्हणायचा, "वो दवाखानों वाला मोहल्ला चलो, जिधर दाँत निकालते हैं."

"नेपियर टाउन?"

"मैंने तो नहीं कहा."

"तो कहाँ जाना है साहब?"

"साहब मत बोलो."

असं करत तीन ऑटो निघून जायचे आणि मास्तर पायी जायचा. शाळेच्या नावाच्या पाटीवर पत्ता होता, त्याकडेही पाठ करून उभा राहायचा. मी म्हटलं, "नाव न घेतल्यानं ते साहेब कबरीतून उठून माफी मागून राहिले का?" त्यावर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. राग फार होता त्याला, आणि बहुतेक वेळा फुकाचा.

वर्गात शिरला की पोरं उठून उभी राहत. पहिल्याच दिवशी त्याने ते बंद केलं. "कौन आया? लाट साहब आया? बैठो." मग दुसऱ्या मास्तरांच्या तासालाही पोरं बसून राहू लागली आणि स्टाफरूममध्ये बोंब झाली. स्टाफरूममध्ये तो तसाही बसत नसे. तिथे सगळे कोणी कुठे प्लॉट घेतला हेच बोलतात म्हणे. डबा घेऊन नळाजवळ यायचा आणि उभ्याउभ्या जेवायचा.

मी चौथी शिकले. पाचवीला बापाने विडीच्या पानांवर बसवलं. त्यामुळे वर्गात काय चालतं हे ऐकायची मला हौस होती, आणि व्हरांडा झाडायला मी त्याच्याच तासाला काढायची. किती झाडलं तरी तो व्हरांडा साफ होत नसे. पुस्तकात लिहिलेलं असायचं की अमक्या साहेबाने अमक्या ठिकाणी छावणी वसवली. एखादं पोरगं ते मोठ्याने वाचायचं. मास्तर लगेच हात वर करायचा.

"रुको. बसाई? जगह खाली पड़ी थी क्या?"

पोरं पुस्तकात शोधायला लागायची.

"वहाँ पहले कौन रहता था? किसका खेत था? साहब का पानी कौन भरता था? जिस दिन झंडा गाड़ा, उस दिन झाड़ू किसने मारी?"

"सर, किताब में नहीं है."

"किताब में नहीं है तो दादी से पूछो. दादी नहीं है तो पड़ोसी की दादी से पूछो."

पोरं आज्यांना विचारून यायची. गढ्याच्या जुन्या वस्तीतून येणारी पोरं सगळ्यात जास्त घेऊन यायची, कारण तिथल्या म्हाताऱ्या बोलायला रिकाम्याच बसलेल्या. त्यातलं खरं किती आणि खोटं किती, देव जाणे. मास्तर सगळं एका जाड रजिस्टरमध्ये उतरवून घ्यायचा. परीक्षेत मात्र सन विचारतात. झाडू कोणी मारली हे कोणी विचारत नाही. पोरांचे मार्क कमी आले, आई-बाप भांडायला आले. मास्तर त्यांना म्हणाला, "सन मोबाइल में मिल जाएगा जी." त्यातल्या एका बापाने सांगितलं की मग मास्तरचीही गरज काय, मोबाइल आहेच. मला वाटलं, ह्याला आता तोंडात मारल्यासारखं होईल. पण तो खूश झाला. "सवाल अच्छा पूछा आपने," म्हणे. वेडाच.

आता खोलीचं सांगते.

त्या साली जुलैमध्ये त्याने इंग्रजांनी जमिनी कशा मोजल्या ते शिकवायला घेतलं. पुस्तकात अर्धं पान होतं. त्याने त्याचे पंधरा दिवस केले. सुतळीचा लांब दोर आणला, हात-हात अंतरावर गाठी मारल्या, गाठींना लाल चिंध्या बांधल्या. साहेबाची माणसं जमीन मोजायला साखळी आणत, तिला जरीब म्हणत. ही आपली जरीब. चार पोरं साहेब झाली, दोन मुन्शी, बाकीची रयत. साहेब झालेल्यांनी शाळेचं सगळं आवार मोजायचं आणि प्रत्येक वस्तूजवळ जाऊन विचारायचं, कागद आहे का? कागद असेल तर मालकाचं नाव लिहायचं. नसेल तर लिहायचं 'खाली', म्हणजे रिकामं, आणि खाली म्हणजे सरकारजमा.

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी भात लावला होता. दारात आठवीची रोशनी उभी. ही मुन्शी होती, डोळे मोठे, जीभ त्याहून मोठी.

"बाई, कागज है?"

"कसला कागद गं?"

"इस कमरे का."

मला वाटलं पोरगी मस्करी करून राहिली. म्हटलं, "राष्ट्रपतीनं पाठवला आहे. पोस्टमन रस्त्यात आहे."

ती गंभीर तोंडाने म्हणाली, "मतलब नहीं है," आणि वहीत काहीतरी लिहून गेली. भात उतरवून बाहेर आले तर माझ्या दारावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलेलं: खाली.

मी चौथी शिकलेली असले तरी तेवढं वाचता येतं. हातात झाडू होता, तो तसाच घेऊन वर्गात गेले.

"कोणी लिहिलं माझ्या दारावर?"

पोरं हसू लागली. मास्तर हसला नाही. तो पोरांना म्हणाला, "देखो. यही हुआ था. लिखो."

"लिखो काय लिखो?" मी म्हटलं. "मी आत भात शिजवून राहिली आन् बाहेर तुम्ही लिहिता खाली? मी काय मेली? बावीस वर्षं झाली त्या खोलीत. माझं पोरगं तिथं झालं. तुमच्या खेळात मी माणूस नाही का?"

"बाई, कागदावर नव्हत्या तुम्ही," मास्तर शांतपणे म्हणाला. "म्हणून नव्हत्या. हेच शिकवायचं होतं मले."

"मग शिकवा. पण दार पुसून द्या आधी."

त्याने चारही साहेबांना फडकं देऊन पाठवलं. मागोमाग स्वतः आला आणि पुसलेलं दार पुन्हा पुसलं. मग वर्गात जाऊन म्हणाला, आता धड्याचा दुसरा भाग. ज्याच्याजवळ कागद नाही, त्याचं घर त्याचं आहे हे कशावरून कळेल? शोधा.

पोरं कुत्र्यासारखी मागे लागली माझ्या. दाराच्या चौकटीवर पोरगा मोठा होत गेला तशा खुणा होत्या, त्या मोजल्या. भिंतीतल्या विटा आणि कंपाउंडच्या विटा एकाच भट्टीच्या आहेत, शिक्का सारखा आहे, हे रोशनीने शोधून काढलं. दोन जुने विद्यार्थी, आता पोरांचे बाप झालेले, त्यांच्याकडून लिहून आणलं की आम्ही शिकत होतो तेव्हाही बाई तिथेच राहत होत्या. माझ्याकडून सगळं विचारून घेतलं, नवऱ्याने किती दिवसांत बांधली, पाऊस आला तेव्हा काय केलं, मोठे सर काय बोलले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. एवढं मला कोणी कधी विचारलं नव्हतं.

ते सगळं पोरांनी मोठ्या पांढऱ्या कागदावर लिहिलं. वर शाळेचा नकाशा. माझी खोली लाल रंगात. खाली बेचाळीस पोरांच्या सह्या. आणि पंधरा ऑगस्टला प्रदर्शनात हॉलच्या भिंतीवर लावलं.

इथे त्याने माती खाल्ली. एवढा शिकलेला माणूस, पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. पोरांनी सगळं खरं लिहिलं होतं, म्हणून त्यांनी हेही लिहिलं होतं: बाई के पास कोई कागज नहीं है. मोठ्या अक्षरात, लाल रंगात. झेंडावंदनाला शाळा चालवणाऱ्या समितीचे सचिव आले होते. हॉलमध्ये फिरले, जिलेबी खाल्ली, आणि त्या कागदापुढे उभे राहिले. चांगली पाच मिनिटं उभे होते. मास्तर त्यांच्या बाजूला मान ताठ करून उभा, त्याला वाटलं सचिव पोरांचं कौतुक करतील. सचिवांनी मोबाइल काढून फोटो घेतला.

त्याआधी समितीत सगळे समजत होते की मोठ्या सरांनी मला काहीतरी लिहून दिलं असेल. म्हणून कोणी हात लावत नव्हतं. मागच्या कोपऱ्यात कोचिंगसाठी दोन वर्ग बांधायचं त्यांच्या मनात कधीचं होतं. आता त्यांना कळलं की अडचण काहीच नाही.

आठ दिवसांनी सचिवांनी मला ऑफिसात बोलावलं. गोड बोलले. "बाई, आप तो घर की हैं. बस ये एक छोटा सा कागज है. दस्तखत कर दीजिए, फिर आराम से रहिए."

मी कागद उचलला आणि खुर्ची ओढून बसले.

"पढ़ने की जरूरत नहीं है बाई."

"चौथी पास आहे साहेब. वाचते. हळू वाचते."

खरंच हळू वाचलं. बोट लावून, एकेक अक्षर. सचिवांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा चहा मागवला, तो मीच आणायचा होता हे त्यांच्या लक्षात आलं आणि गप्प बसले. त्यात लिहिलं होतं की मी संस्थेच्या कृपेने त्या जागेत राहते, जागेवर माझा काही हक्क नाही, आणि संस्था म्हणेल तेव्हा मी जागा खाली करून देईन.

"कृपा कोणाची?" मी विचारलं.

"संस्था की."

"विटा माझ्या नवऱ्यानं वाहिल्या. संस्थेच्या डोक्यावर मी तरी टोपली पाहिली नाही."

कागद टेबलावर ठेवून घंटा द्यायला गेले. चौथा तास संपला होता.

मास्तर दुपारी खोलीवर आला. जेवला नव्हता. दाराबाहेरच उभा राहिला आणि चिमटा काढू लागला, लावू लागला.

"बाई, माझ्यानं चूक झाली."

"झाली ना."

"सही करून टाका."

"काय म्हटलं?"

"छप्पर तर राहील. कोर्टात कोण जाईल? वकील कोण करेल? तुमचं वय पाहा. कागदावर काय लिहिलं आहे त्याला काय करता, राहायला मिळते ना?"

मला राग आला नाही. मला त्या माणसाची कीव आली, आणि कीव येणं हे रागाहून वाईट. म्हटलं, "मास्तर, मी पंधरा दिवस तुमचा व्हरांडा झाडला. तुम्ही पोरांना काय सांगितलं, आठवते? साहेब आधी कागद पुढे करते. म्हणते, तुझंच आहे, फक्त इथं अंगठा दे. लोकांनी अंगठे दिले आन् आपल्याच शेतात नोकर झाले. तुम्हीच सांगितलं ना?"

"सांगितलं."

"मग ते काय होतं? गोष्ट होती?"

"वर्गात बोलणं सोपं असते बाई."

"तर मग बोलू नका. पोरं खरं समजतात."

तो गेला. मला वाटलं, आता हा दुसरीकडे नोकरी बघेल. दुसऱ्या दिवशी व्हरांडा झाडायला मी मुद्दाम त्याच्या तासाला गेले नाही, पण आवाज इतका होता की नळावर ऐकू आला. तो वर्गात पोरांना सांगत होता की मी बाईंना सही करायला सांगितलं, मी घाबरलो होतो, माझंही कॉन्ट्रॅक्ट आहे म्हणून घाबरलो होतो, आणि बाईंनी मला नाही म्हटलं. "लिखो," म्हणे. "तारीख डालो आज की. सर डर गए थे." पोरांनी लिहून घेतलं. पोरांच्या वह्या घरी गेल्या, घरच्यांनी वाचल्या, आणि दोन दिवसांत अर्ध्या राइट टाउनला माहीत झालं.

सचिवांनी मग गोड बोलणं सोडलं. नोटीस आली: दिवाळीच्या सुट्टीत बांधकाम सुरू होणार, जागा मोकळी करावी. सुट्टीत ठेवलं कारण शाळेत कोणी नसणार.

लक्ष्मीपूजन होऊन तिसरा दिवस असेल. सकाळी सात वाजता मास्तर स्कूटरवर आला. मी बोलावलं नव्हतं. मागे लाकडी पायांचा फळा आडवा बांधलेला. कडुलिंबाखाली फळा उभा केला. बेचाळीस पोरांना सांगितलं होतं म्हणे, आली सहा. त्यातलं एक तर रडत आलं, त्याला आजीकडे जायचं होतं.

नऊ वाजता ठेकेदार आला, बरोबर तीन गडी आणि दोन बाया. घण, सब्बल म्हणजे पहार, टोपल्या.

"सर जी, हटिए जरा. काम है."

"क्लास चल रही है."

"छुट्टी में?"

"कमजोर बच्चे हैं. एक्स्ट्रा क्लास है."

रोशनी वर्गात पहिली यायची. ती उठून म्हणाली, "सर, मैं कमजोर नहीं हूँ."

"तू बैठ."

ठेकेदार हसला. त्याला पोरांशी भांडण नव्हतं. पण त्याने सचिवांना फोन लावला, तिकडून काहीतरी ओरडणं झालं, आणि त्याने माणसांना सांगितलं की पोरांना राहू द्या, मागच्या बाजूने भिंत पाडायला घ्या.

त्या दोन बायांतली एक मोठी होती, माझ्याच वयाची, मंडल्याकडची. ती पाणी मागायला आत आली. मी पाणी दिलं. ती माझ्या खोलीत इकडे तिकडे बघत होती. कोपऱ्यातली चूल तिला दिसली. आंघोळीचं पाणी मी चुलीवर तापवते, बाकी गॅस. चूल पेटलेली होती, हंडा वर होता. ती बाहेर गेली आणि टोपली खाली ठेवून बसली.

"मैं नहीं तोड़ूँगी," म्हणाली. "चूल्हा जल रहा है."

ठेकेदार म्हणाला, "तो बुझवा दो."

"जिसका चूल्हा है वो बुझाए. मैं पराए चूल्हे पे पानी नहीं डालती. जलते चूल्हे का घर हमारे में कोई नहीं तोड़ता."

तिघा गड्यांनीही एकमेकांकडे पाहिलं. एकाने सब्बल भिंतीला टेकवली. ते कोणी पुढारी नव्हते, त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण ते करायचं नाही म्हणजे नाही. ठेकेदार माझ्याकडे वळला. "अम्मा, चूल्हा बुझाओ."

"पाणी तापून राहिलं आहे."

"कब तक तपेगा?"

"थंडी आहे."

मग मी हंडा उतरवला आणि डाळ ठेवली. डाळ झाली, भाकऱ्या थापल्या. पीठ होतं तेवढ्याच्या भाकऱ्या केल्या. सहा पोरं, पाच मजूर, ठेकेदार, मास्तर, सगळे जेवले. ठेकेदाराने आधी नको म्हटलं, मग दोन खाल्ल्या. मास्तर शिकवतच होता. कुठून सुरू केलं होतं ते मला कळलं नाही, पण दुपारपर्यंत त्याचं सत्तावन्नचं बंड झालं आणि मिठाच्या सत्याग्रहापर्यंत यायचं होतं. गडीही ऐकत बसले होते. त्यातला एक मधेच म्हणाला, "फिर वो पकड़ा गया क्या?" मास्तर म्हणाला, "बताता हूँ, जल्दी क्या है."

दोन वाजता लाकडं संपली. खोलीमागची काटकी, जुनं खोकं, तुटका पाट, सगळं झालं. मी दाराशी येऊन मास्तरला एवढंच म्हटलं, "मास्तर, सरपण नाही."

तो फळ्यावर लिहीत होता. लिहिणं थांबवलं. फळा काढून कडुलिंबाला टेकवला आणि त्याच्या लाकडी घोडीचा एक पाय पकडून ओढू लागला. निघेना. लांब मान लाल झाली. शेवटी घणवाला उठला, म्हणाला, "हटिए सर, आपसे नहीं होगा," आणि एका घावात घोडीचे चारही पाय मोकळे केले. माझी भिंत पाडायला आणलेल्या घणाचं तेवढंच काम झालं. शाळेची वस्तू होती ती, समितीचा नंबर होता त्यावर. मास्तरने पाय माझ्या हातात दिले. सागाचे होते. संध्याकाळपर्यंत जळले.

पाच वाजता ठेकेदार उठला. "मेरी दिहाड़ी तो गई," म्हणाला. "मैं कल दूसरी साइट पे हूँ. साहब को बोल दूँगा चूल्हा बंद नहीं हुआ." मंडल्याकडची बाई जाताना माझ्याकडून उरलेल्या दोन भाकऱ्या घेऊन गेली. आम्ही एकमेकींचं नाव विचारलं नाही.

सुट्टी संपल्यावर आई-बाप शाळेत आले. तीस-पस्तीस जण असतील. पोरांच्या वह्या हातात. त्यांना माझ्याबद्दल प्रेम होतं असं नाही. शाळेने पोरांसमोर घर पाडायला माणसं पाठवली, ह्याचा त्यांना राग होता. सचिवांनी सांगितलं की गैरसमज झाला. कोचिंगचे वर्ग पुढच्या बाजूला बांधले. मी चूल पंधरा दिवस विझवली नाही, रात्री निखारा राखेत दाबून ठेवायची. मग विझवली, धुराने डोळे गेले असते.

मार्चमध्ये मास्तरचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. शाळेची मालमत्ता जाळली हे कारण दिलं, आणि ते खोटं नव्हतं. निरोप समारंभ झाला नाही. तो रजिस्टर स्कूटरला बांधत होता तेव्हा मी नळावर भांडी घासत होते.

"बाई, रागावल्या आहे का अजून?"

"हो."

"बरं," म्हणाला. रजिस्टरची गाठ पुन्हा आवळली. "काही सांगू का?"

"सल्ला असेल तर नको."

तो हसला आणि गेला. हल्ली दवाखान्यांच्या त्या मोहल्ल्यात एका कोचिंगमध्ये शिकवतो म्हणे. नोकरीच्या परीक्षांना बसणारी पोरं असतात, त्यांना फक्त सन पाहिजे असतात. त्यांनाही तो विचारतो की झाडू कोणी मारली. पोरं मालकाकडे तक्रार करतात. किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

मी काम सोडून चार वर्षं झाली. खोलीत राहते. अजून कागद नाही. त्यानंतर दोन सचिव बदलले. मागच्या महिन्यात नवा आला, पोरगाच आहे, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. मोबाइलनेच जागा मोजतात आता. मोजत मोजत तो माझ्या दारातून आत आला, खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "अम्मा, आप यहाँ किसकी परमिशन से रहती हैं?"

मी तांदूळ निवडत होते. वर पाहिलं.

"तू किसकी परमिशन से अंदर आया?" मी म्हटलं. "बाहेर जा, चप्पल काढ, दार वाजव. मग विचार."

तो बाहेर गेला. चप्पल काढली. दार वाजवलं.

मी तांदळातला खडा बाजूला काढला आणि त्याला थांबायला सांगितलं.